ड्युटी लिस्टमध्ये आईचं नाव

आजचा भाग मी दौंडला, आमच्या घरी बसून रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मध्येच रेल्वेचा भोंगा वाजला तर समजून घ्या, जंक्शनचं गाव आहे, त्याला इलाज नाही. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा मजकूर नेहमीप्रमाणे ब्लॉगवर टाकतोय. बोललो तसाच ठेवलाय, थोडीफार साफसफाई करून.

आपण इथं बऱ्याचदा कोडिंग, नोकरी, पगार यावर बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचंय नर्सेसबद्दल. आणि खरं सांगायचं तर माझ्या आईबद्दल.

माझी आई सरकारी नोकरीत नर्स आहे. 30 वर्षं होत आली. रुग्णालयाचं नाव मुद्दाम सांगत नाही, जिल्ह्यातलंच एक आहे. सध्या ती परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. आपण सगळ्यांनाच सरसकट 'सिस्टर' म्हणतो, पण त्यांच्यातही पायऱ्या असतात. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, तिच्यावर परिसेविका, आणि सगळ्यात वर अधिसेविका, जिला आपण मेट्रन म्हणतो. वॉर्ड चालवणारी बाई म्हणजे ही मधली, परिसेविका. डॉक्टर राउंड घेऊन जातात. ही तिथंच असते.

तर झालं असं, की आई दर महिन्याच्या शेवटी जेवणाच्या टेबलावर एक मोठा कागद पसरून बसते. पट्टी, पेन्सिल, खोडरबर. ड्युटी लिस्ट! सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, कुणाला नाइट ऑफ, कुणाला साप्ताहिक सुट्टी. दोन-दोन रात्री तेच चालू. मी बीटेक, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. मला ते बघवेना. म्हटलं, "आई, हे काय शाळेसारखं लिहीत बसतेस? मला दे, मी प्रोग्राम लिहितो."

एका शनिवार-रविवारात लिहिला. 14 जणी, 3 पाळ्या, नियम घातले. सलग दोन पाळ्या नाहीत, रात्रपाळीनंतर सुट्टी, सगळ्यांच्या वाट्याला सारख्या रात्री. बटण दाबलं की 4 सेकंदांत महिन्याची यादी तयार. मी एकदम खूश. प्रिंट काढून तिच्यासमोर ठेवली.

आईने चष्मा लावला, वाचली, आणि लाल पेन घेऊन 6 ठिकाणी खाडाखोड केली. मी म्हटलं, "अगं, सगळं समसमान आहे, बदलतेस कशाला?"

ती म्हणाली, "हिचं बाळ 8 महिन्यांचं आहे, हिची रात्र काढ. या दोघींना एकत्र ठेव, एक नवीन आहे आणि दुसरी न ओरडता शिकवते. ही उसाच्या पट्ट्यातून स्कूटीवर येते. दुपारपाळी करून रात्री 8 ला सुटली तर अंधारात जाणार कशी? तिला सकाळची दे. आणि हिला या आठवड्यात लेबर रूम नको."

"का?"

"परवा तिच्या हातात बाळ गेलं."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं."

माझ्या प्रोग्राममध्ये त्यासाठी कुठलाच रकाना नव्हता.

मंडळी, नर्सिंग लीडरशिप वगैरे मोठे शब्द आपण सेमिनारच्या बॅनरवर वाचतो. मला त्याचा अर्थ त्या टेबलावर कळला. कोण किती थकलंय, कोण घाबरलंय, कोण आतून मोडलंय, हे न विचारता ओळखायचं आणि त्याप्रमाणे काम वाटायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय विशेष? सगळेच थकतात, आपणही थकतो. बरोबर आहे. पण माझ्याकडून चूक झाली तर ॲप बंद पडतं. तिच्याकडून झाली तर? याचं एक मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबद्दलचा. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की त्या रुग्णांचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणजे नर्सच्या विश्रांतीचा प्रश्न हा तिचा खासगी प्रश्न नाही. तो खाटेवर झोपलेल्या तुमच्या आजोबांचाही आहे.

आपल्याकडेही प्रमाण ठरलेलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात 3 खाटांमागे 1 नर्स, इतर रुग्णालयांत 5 खाटांमागे 1, आणि अतिदक्षता विभागात एका खाटेला एक. वर रजेसाठी 30 टक्के जादा माणसं धरायची. पुढच्या वेळी सरकारी वॉर्डात गेलात की खाटा मोजा आणि सिस्टर मोजा. मी काही बोलत नाही, तुम्हीच मोजा.

आणि काम तेच राहिलंय का? नाही. आपल्या शिरूर-दौंडकडेच बघा ना. एका बाजूला रांजणगावची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला कुरकुंभची, जिथं केमिकलचे कारखाने आहेत. दोन्ही तालुक्यांतून मोठे महामार्ग जातात, त्यांचे अपघात. घोड आणि भीमेच्या काठाने सगळा ऊस, आणि उसात साप. शिरूरच्या बेट भागात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. आईने त्या स्कूटीवाल्या सिस्टरची पाळी का बदलली, ते आता लक्षात आलं असेल.

सापाचंच उदाहरण घेऊ. घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला फार मोठी मशिन लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी तिरकी करून बघायचं, गोठलं की नाही. नाही गोठलं तर डॉक्टर प्रतिविष सुरू करायला सांगतात. प्रतिविषाचीच कुणाला रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून सिस्टर इंजेक्शन हाताशी ठेवून शेजारी उभी. आता कल्पना करा, रात्रीचे 2 वाजलेत, इकडे ती 20 मिनिटं मोजतेय, तिकडे लेबर रूममधून हाक आली, आणि दारात 15 नातेवाईक "पेशंटला बघा की" म्हणून ओरडतायत. आमच्याकडे सर्व्हरवर अलार्म वाजला तर निदान तो म्यूट करता येतो.

नवीन आजार तर येतच आहेत. 2021 च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला तो आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, बेलसरला. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गिया बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले, पुणे परिसरात संशयितांचा आकडा 200 च्या पुढे गेला. जीबीएसमध्ये हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, पण कूस बदलू शकत नाही. मग दर दोन तासांनी त्याला वळवणार कोण? घशातला कफ काढणार कोण? डोळे कोरडे पडू नयेत म्हणून बघणार कोण? बातमीत आकडे येतात, औषधाची किंमत येते. हे हात येत नाहीत.

सेवा करणाऱ्यालाही आजार होतो, हे पुणे जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना उचलून मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. पण आज जी त्यांच्यासारखं काम करते, तिने जेवण केलं का, हे विचारायचं राहून जातं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

हरलो तरी मी आईच्या कागदावरच्या जुन्या याद्या मोबाइलवर फोटो काढून घेतल्या आणि एक्सेलमध्ये भरल्या. उद्देश एवढाच, की तिचे नियम शिकून प्रोग्राम सुधारायचा. भरता भरता एक गोष्ट दिसली. कुणी आजारी पडलं, कुणाची सासू वारली, कुणाची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली, तर त्या चौकोनात खोडून एकच नाव लिहिलेलं. आईचं. एका महिन्यात 9 जादा पाळ्या! घरी आम्हाला सांगायची, "आज जरा उशीर होईल."

आमच्या क्षेत्रात एक शब्द आहे, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणजे अख्खी सिस्टिम ज्या एकाच खिळ्यावर टांगलेली असते, तो खिळा. तो निघाला की सगळं खाली.

मी तो तक्ता तिला दाखवला. "आई, सगळ्यांची काळजी घेणाऱ्या या यादीत तुझी काळजी कोण घेतंय?" ती हसली. म्हणाली, "माझं काय रे, मी सांभाळते." मी हट्टाने तिचं बीपी मोजायला लावलं. 170 वर 110. रोज पन्नास जणांचं बीपी घेणारी बाई! औषध चालू होतं, मधे मधे चुकायचं, आणि आम्हाला माहीतच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो आणि इतकं कळत नाही?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने होणारी अवस्था. शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. नीट ऐका, व्याख्येत कामाची जागा आहे. म्हणजे "योगा कर, पॉझिटिव्ह राहा" एवढ्याने हे मिटत नाही.

पुढे काय केलं? चमत्कार काही नाही. आईने दोन ज्युनियर सिस्टरना शेजारी बसवून यादी करायला शिकवली. नुसते नियम नाही, कारणंसुद्धा. मग 8 दिवसांची रजा घेतली, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला, दोघींची सुट्टी एकाच पाळीला पडली. त्यांनीच आपसात फोनाफोनी करून मिटवलं. आईला नंतर कळलं. आधी तिचा चेहरा पडला, माझ्याशिवाय चाललं म्हणून. मग म्हणाली, "बरं झालं. पुढच्या वर्षी मी रिटायर होणारच आहे."

रिकाम्या जागा अजून रिकाम्याच आहेत, हे पण सांगतो. चांगली इन्चार्ज असली म्हणून 14 जणींच्या 20 होत नाहीत. भरती सरकारनेच करायची असते.

मग आपण काय करायचं? वॉर्डात गेलात तर रुग्णापाशी एकच जण थांबा. सलाईन संपत आली तर जरूर सांगा, पण हळू आवाजात. 'ओव्हर' चालू असेल, म्हणजे एक पाळी दुसरीला रुग्णांची माहिती देत असेल, तर ती 10 मिनिटं मध्ये बोलू नका. औषधाच्या चुका अशाच वेळी होतात. घरात कुणी नर्स असेल तर रात्रपाळीनंतर तिला झोपू द्या, दाराची बेल काढा, कुकर तुम्ही लावा. आणि गावातल्या रुग्णालयात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, हे रुग्ण कल्याण समितीला विचारा. माहितीचा अधिकार आहेच. रील बनवायला वेळ आहे, तर एक अर्ज करायलाही आहे.

आणि ऐकणारी कुणी सिस्टर असेल, ताई, तुमच्यासाठी. मन जड झालं तर टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे. फुकट, 24 तास, मराठीतही बोलता येतं. आणि पुढच्या महिन्याची यादी करताना स्वतःच्या नावासमोर एक सुट्टी आधी लिहा, मग बाकीची यादी भरा.

माझ्या प्रोग्रामचं म्हणाल, तर तो आता आई वापरते. म्हणजे पहिला कच्चा मसुदा तो काढतो, मग लाल पेन चालतं. मी त्यात एकच नवीन नियम घातलाय, जो तिला बदलता येत नाही. इन्चार्जच्या जादा पाळ्या, महिन्याला जास्तीत जास्त 2. तिने दोनदा पासवर्ड विचारला. मी दिलेला नाही.

चला, थांबतो. तुमच्या घरात, गल्लीत कुणी सिस्टर असेल तर तिला हा भाग पाठवा. पण ती रात्रपाळी करून आली असेल तर आत्ता नको, संध्याकाळी पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.