अब्रूची दोन मापं



आज कर्जाचं, हप्त्याचं बोलणार नाही. बोलायचंय ते पैसे मोजून झाल्यावर बैठकीत जे निघतं त्याबद्दल. अमकीची पोर कोरी आहे, तमकीची नाही. जणू बाजारातलं भांडंच. आणि आमच्या एक लक्षात आलंय. मोठ्या घरची पोर असली तर हे बोलणं दबक्या आवाजात होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची पोर असली तर हसत हसत. म्हणजे एकीची अब्रू काचेचं भांडं, आणि दुसरीकडे भांडंच नाही असं आधीच ठरलेलं.

ही दोन मापं अमेरिकेतल्या काळ्या बायांच्या वाट्याला फार उघडपणे आली. तो मुलूख आपल्याला अगदी परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते तिकडच्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं होतं.

तिथं गुलामगिरी होती तेव्हा गोऱ्या घरातल्या मुलीचं कौमार्य म्हणजे घराण्याची इज्जत. आणि शेतात राबणारी काळी बाई? ती मालकाची मालमत्ता. व्हर्जिनियात १६६२ साली कायदाच झाला, की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणी का असेना. मालकानं बळजबरी केली तर गुन्हा नाही, उलट गोठ्यात वासरू वाढावं तसा फायदा. वर बोलायचं काय, तर ह्या बायाच चळलेल्या!

हॅरिएट जेकब्स नावाची अशीच एक गुलाम मुलगी. पंधराव्या वर्षापासून मालक तिच्या मागे लागला. पुढे त्याच्या तावडीतून सुटायला ती आजीच्या घराच्या माळ्यावर लपली. उभं राहता येत नव्हतं इतकी ती जागा बुटकी. तिथं तिनं जवळजवळ सात वर्षं काढली. फळीला भोक पाडून त्यातून खाली खेळणारी आपली पोरं बघायची, पण हाक मारायची सोय नाही. पुढे पळून गेली आणि १८६१ साली स्वतःची हकिगत छापली. त्यात तिनं स्पष्ट लिहिलं, की जिला नाही म्हणायचा हक्कच दिला नाही, तिला स्वतंत्र बाईच्या मापानं मोजू नका. हे वाक्य आम्हाला फार मोलाचं वाटतं.

गुलामगिरी गेली, माप राहिलं. १९४४ साली अलाबामात रेसी टेलर ही चोवीस वर्षांची लेकुरवाळी बाई रात्री प्रार्थनेहून घरी चालली होती. सहा गोऱ्या पोरांनी तिला बंदुकीच्या धाकानं उचलून नेलं. एकानं कबुलीही दिली. पण तिच्याच चालचलनावर बोट ठेवलं गेलं, आणि दोनदा पंचांपुढे प्रकरण जाऊनही खटला उभा राहिला नाही. तिची बाजू मांडायला रोझा पार्क्स धावल्या, बसमधली जागा सोडायला पुढे ज्यांनी नकार दिला त्याच. अलाबामा राज्यानं माफी मागितली ती २०११ साली. तेव्हा रेसीबाईंनी नव्वदी ओलांडली होती.

आता आपल्याकडचं बघा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा ह्या आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. कोर्टात चर्चा कशाची? तिला आधीपासून संबंधांची सवय होती ह्याची. सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले. तेव्हा देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. बाईच्या आधीच्या चालीवरून तिला खोटं पाडायची मुभा देणारं कलम मात्र २००३ पर्यंत टिकलं. वीस वर्षं आणखी, मैत्रिणींनो.

म्हणून गटातल्या कुणावर असा प्रसंग आला, तर तिला ठाण्यात एकटी पाठवू नका. दोघी-तिघी सोबत जा. तक्रार बाई-पोलिसानं लिहून घ्यायची असते, आणि तिची प्रत फुकट मिळते. सरकारी असो की खाजगी, दवाखान्यानं उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि डॉक्टर दोन बोटं घालून ‘सवय आहे का’ बघायला लागले, तर तिथंच थांबवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ती तपासणी चूक ठरवली आणि २०२२ साली पुन्हा बजावलं.