अमेरिकेचा अभ्यास : विषय एक, विद्या अनेक



महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘विषय कोणता घेतलास?’ अमेरिकेतील घरांतही हा प्रश्न चुकत नाही. इतिहास, रसायन, अर्थशास्त्र असे एखादे ओळखीचे नाव कानी पडले की पाहुण्याचे समाधान होते. परंतु ‘अमेरिकन स्टडीज’, म्हणजे अमेरिकेची संस्कृती आणि समाज यांचा अभ्यास, असे उत्तर मिळाले की तो क्षणभर थबकतो. अमेरिकेतच जन्मून अमेरिकेचा आणखी काय अभ्यास करावयाचा? शिवाय तो इतिहासाचा की साहित्याचा, समाजशास्त्राचा की राज्यशास्त्राचा? ‘थोडा थोडा सगळ्यांचाच’ असे सांगितले तर शंका अधिकच बळावते. चार दगडांवर पाय ठेवणाऱ्याला उभे राहावयास जमीन कोठे असते?

ही शंका पोरकट नाही. या विषयाच्या धुरीणांनीही ती स्वतःला विचारली आहे. या पदवीला स्वतःची अशी जमीन आहे काय, एवढाच प्रश्न आज येथे विचारात घ्यावयाचा आहे.

अभ्यासक्रमाची बाह्य रचना थोडक्यात सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीत प्रारंभी विद्यार्थी निरनिराळे विषय चाखून पाहतो आणि साधारणतः दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपला प्रमुख विषय जाहीर करतो. हा विषय निवडणाऱ्यासाठी एक प्रवेशक पाठ्यक्रम, अभ्यासपद्धतीविषयीचे एक चर्चासत्र, इतिहास, साहित्य, कला, राज्यशास्त्र अशा विभागांतून निवडलेले काही पाठ्यक्रम आणि पुष्कळ ठिकाणी शेवटच्या वर्षी एक प्रबंधिका असा मार्ग आखलेला असतो. तपशील विद्यापीठागणिक बदलतात. परंतु वेळापत्रक वाचून या अभ्यासाचे मर्म कळत नाही. त्यासाठी वर्गातच शिरले पाहिजे.

समजा, पहिल्या तासाला अध्यापकाने विद्यार्थ्यांपुढे एकच छायाचित्र ठेवले आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीवरील ब्रुकलिन पुलाचे. ॲलन ट्रॅक्टनबर्ग यांनी १९६५ मध्ये या पुलावर एक ग्रंथ लिहिला; वस्तुस्थिती आणि प्रतीक अशा दोन्ही अंगांनी पुलाकडे पाहणारा तो ग्रंथ या विद्याक्षेत्रात अभिजात मानला जातो. तेव्हा उदाहरण काही नवे नाही. पण चांगले आहे.

पूल वाहतुकीस खुला झाला तो २४ मे १८८३ रोजी. दोन मनोऱ्यांमधील त्याचा मुख्य गाळा जवळजवळ १६०० फूट लांबीचा, म्हणजे त्या काळच्या झुलत्या पुलांत जगातील सर्वांत मोठा. येथवर स्थापत्यशास्त्र. परंतु मनोऱ्यांचा पाया घालावयाचा तर नदीच्या तळाशी माणसे उतरली पाहिजेत. त्यासाठी लाकडाच्या प्रचंड पेट्या उलट्या करून पाण्यात बुडविल्या, त्यांत दाबाखाली हवा भरली आणि त्या कोंडलेल्या हवेत दिवसाला सुमारे दोन डॉलर मजुरीवर आयरिश, जर्मन आणि इतर स्थलांतरित मजूर चिखल व खडक उपसत राहिले. वर येताना त्यांचे सांधे आखडत, पाय लुळे पडत, काहींचा मृत्यू ओढवे. कंपनीच्या वैद्याने या व्याधीच्या ११० रुग्णांची नोंद केली. दाब हळूहळू उतरविला तर हे टळते, हे शास्त्राला नीट उमगण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग स्वतः या व्याधीने खिळला आणि पुढील काम त्याने ब्रुकलिनमधील आपल्या घराच्या खिडकीतून, दुर्बिणीच्या साहाय्याने पाहिले. आता हा विषय वैद्यकाचा झाला की श्रमिकांच्या इतिहासाचा?

पुढे तारांची कथा आहे. पुलाचे चार दोर पोलादी तारांचे. तारा पुरविणाऱ्या ठेकेदाराने निकृष्ट माल खपविल्याचे १८७८ मध्ये उघडकीस आले. तोवर पुष्कळ वाईट तार दोरांत गुंफली गेली होती आणि ती काढणे अशक्य होते. रोब्लिंगने मुळातच गरजेच्या सहापट बळ धरले होते. वाईट तारेमुळे ते पाचपटीपर्यंत उतरेल असा हिशेब करून त्याने प्रत्येक दोरात दीडशे तारा अधिक घालावयास लावल्या. न्यूयॉर्कच्या नगरकारभारातील भ्रष्टाचाराचा प्रतिशब्दच होऊन बसलेला विल्यम ट्वीड हा पूल कंपनीच्या प्रारंभीच्या संचालकांपैकी एक होता. म्हणजे ज्या दोरांवर आजही लोकांची ये-जा चालते त्यांत लबाडीही गुंफलेली आहे आणि ती पुरून उरेल एवढी सावधगिरीही. अमेरिकेच्या नागरी जीवनाचे याहून नेटके रूपक शोधूनही सापडणार नाही. मात्र हे रूपक कोणा कवीने रचलेले नसून हिशेबाच्या वह्यांतून निघालेले आहे.

उद्घाटनाची तारीख पाहा. २४ मे हा राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस. नगरातील आयरिश लोकांनी त्यावर संताप व्यक्त केला. तारीख मात्र बदलली नाही. सहाच दिवसांनी, ३० मे रोजी, पुलावर चेंगराचेंगरी होऊन बारा माणसे मेली. आणि त्याच १८८३ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा अवैध ठरविला. सरायांत, नाट्यगृहांत, आगगाडीत कृष्णवर्णीयांना समान वागणूक मिळावी असे सांगणारा तो कायदा होता. आदल्याच वर्षी चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी झाली होती. यादवी युद्ध संपून अठरा वर्षे झालेला तो देश दोन नगरे जोडणारा पूल पाहून हरखतो आणि त्याच सुमारास दुसरे दरवाजे बंद करतो.

मग साहित्याचा विद्यार्थी हार्ट क्रेन या कवीचे १९३० साली प्रसिद्ध झालेले, या पुलावरील दीर्घकाव्य घेऊन येतो. क्रेन ज्या घरात राहून ते लिहीत होता त्याच घराच्या खिडकीतून पूर्वी आजारी रोब्लिंग बांधकाम पाहत असे. कवीला हे आधी ठाऊक नव्हते. कवीच्या लेखी पूल हा साऱ्या देशाला एकत्र बांधणारा श्रद्धेचा विषय आहे. काव्याच्या वर्गात एवढे कळले तरी पुरते. येथे पुरत नाही. ज्याला तारांची कथा ठाऊक आहे तो विचारतो, ही श्रद्धा टिकण्यासाठी काय विसरावे लागले? आणि ज्याने केवळ तारांचीच कथा वाचली आहे त्यालाही प्रश्न पडतो : सगळे ठाऊक असूनही लोकांना हा पूल इतका प्रिय का वाटावा? एका विद्येने दिलेले उत्तर दुसरीचा प्रश्न होते. असे घडत नसेल, तर विद्यार्थ्याने पाच विभागांतून पाच वह्या भरून आणल्या, इतकेच. खेदाची गोष्ट अशी की पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात तेवढेच घडते. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द माहितीपत्रकावर छापणे सोपे; दोन विभागांच्या अध्यापकांना एका वर्गात आणणे कठीण.

या विद्याक्षेत्राचा जन्मही असाच, विभागांच्या भिंती नकोशा वाटल्यामुळे झाला. १९३० च्या दशकाच्या आरंभी येल विद्यापीठात एक इतिहासकार आणि एक साहित्याचा प्राध्यापक यांनी अमेरिकन विचार व संस्कृती यांवर मिळून शिकविण्यास सुरुवात केली. हार्वर्डने १९३७ मध्ये अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासात पीएच.डी.ची सोय केली. तोवर अमेरिकेतील इंग्रजी विभागांत इंग्लंडच्या साहित्याचा मान मोठा आणि देशी लेखकांना कोपऱ्यातील जागा, असा प्रकार होता. हार्वर्डच्या एफ. ओ. मॅथिसन यांनी १९४१ मध्ये इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन या पाचांवर ग्रंथ लिहून तो कोपरा मध्यभागी आणला. अमेरिकन स्टडीज असोसिएशन ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली.

परंतु भिंती पाडण्यास पैसा लागतो आणि पैशाला स्वतःचे मत असते. १९५० मध्ये विल्यम रॉबर्टसन कोय या धनिकाने येलला या अभ्यासासाठी मोठी देणगी दिली. समाजवाद व साम्यवाद यांना उतारा म्हणून तरुणांना अमेरिकेची महती पटवावी, हा तिच्यामागील हेतू त्याने लपविला नव्हता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, डाव्या विचारांमुळे संशयाच्या छायेत आलेल्या मॅथिसन यांनी बॉस्टनमध्ये आत्महत्या केली. तिच्यामागे वैयक्तिक दुःखेही होती. सारा दोष काळावर टाकणे न्याय्य नव्हे. तरीही या क्षेत्राची ती दोन टोके होती. देशाचा अभ्यास करावयाचा तो त्याची आरती ओवाळण्यासाठी की त्याला त्याचीच वचने आठवून देण्यासाठी?

या द्वंद्वाची सर्वांत बोधप्रद कथा हेन्री नॅश स्मिथ यांची आहे. हार्वर्डच्या त्या अभ्यासक्रमाची पहिली पीएच.डी. १९४० मध्ये त्यांना मिळाली. पश्चिमेकडील ‘कुमारी भूमी’वरील त्यांचा ग्रंथ १९५० चा. प्रतिष्ठित वाङ्मयाबरोबरच त्यांनी दहा सेंटांना मिळणाऱ्या साहसकथा वाचल्या, संसदेतील भाषणे वाचली आणि १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळविणारा शेतकरी हे लोकांच्या मनातील उद्यानाचे स्वप्न कसे बनले ते दाखविले. अनेक विद्यांचा असा मेळ पूर्वी क्वचितच साधला होता. परंतु ती भूमी कुमारी नव्हतीच. तेथे आदिवासी जमाती राहत होत्या. ग्रंथाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. स्मिथ यांनी उतारवयात, १९८६ मधील एका निबंधात, ही उणीव स्वतःच मान्य केली. ज्या भ्रमाचे आपण विश्लेषण करीत होतो तोच भ्रम अंशतः आपल्याही डोळ्यांवर होता, ही कबुली देण्यास मनाचा मोठेपणा लागतो. १९५७ मध्ये याच विद्वानाने विचारले होते, या अभ्यासाला स्वतःची पद्धती निर्माण करता येईल काय? ग्रंथापेक्षा ही कबुलीच त्या प्रश्नाचे अधिक खरे उत्तर होय, असे म्हणावेसे वाटते.

विद्यार्थ्यांनी मात्र वाट पाहिली नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात नोव्हेंबर १९६८ पासून मार्च १९६९ पर्यंत संप चालला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई व आदिवासी वंशाच्या विद्यार्थ्यांचा सवाल साधा होता : ज्या अमेरिकेचा अभ्यास होतो तीत आम्ही कोठे आहोत? संपानंतर तेथे वांशिक अभ्यासांचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे १९०३ चे पुस्तक यानंतरच्या काळात पाठ्यक्रमांत जे स्थिरावले ते अशा झगड्यांमुळे. वाद मिटलेला नाही. २०२१ नंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी वंशभेदाविषयी वर्गात काय शिकवावे यावर कायद्याने बंधने घातली. फ्लोरिडाचा २०२२ चा कायदा विद्यापीठांपर्यंत पोचला आणि न्यायालयात गेला. पाहुण्याचा ‘यात अभ्यास करण्यासारखे काय?’ हा प्रश्न या पार्श्वभूमीवर वेगळाच वाटू लागतो. ज्यात काहीच नाही त्यावर कोणी कायदे करीत नाही.

भारतीय वाचकाला हा विषय अगदी परका नाही. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये अमेरिकन अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले आणि त्याच्या ग्रंथालयाचा लाभ देशभरच्या अध्यापकांनी घेतला. परंतु त्याच्याही पुष्कळ आधी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्यात राज्यव्यवस्था आहे, शाळा आहेत, धर्मपंथ आहेत, घरसंसार आहे, स्त्रियांच्या संस्था आहेत. आणि अमेरिकेविषयी मनापासून आदर असूनही कृष्णवर्णीय व आदिवासी यांच्यावरील अन्यायाकडे रमाबाईंनी डोळेझाक केलेली नाही. स्मिथ यांना जे १९८६ मध्ये कबूल करावे लागले ते एका परदेशी स्त्रीला शंभर वर्षांपूर्वी दिसले होते, कारण आपल्या समाजात कोणाला वगळले जाते याचा तिला अनुभव होता. अशा पुस्तकाला कोणत्या विभागात ठेवावे, हे ग्रंथपालालाच विचारावे.

शेवटी पुन्हा त्या वर्गाकडे. प्रबंधिकेसाठी विद्यार्थ्याने फार मोठा विषय निवडू नये, असा सल्ला चांगले अध्यापक देतात. पुलाच्या मनोऱ्यावरील एक पाटीसुद्धा पुरते. वॉशिंग्टन रोब्लिंग अंथरुणाला खिळल्यावर दहा वर्षांहून अधिक काळ त्याचे आदेश कामावर पोचविणारी, त्यासाठी गणित व स्थापत्य शिकून घेणारी त्याची पत्नी एमिली हिच्या सन्मानार्थ ती पाटी बसविली आहे. वर्ष १९५१. पूल खुला होऊन तेव्हा अडुसष्ट वर्षे उलटली होती. पाटी कोणी बसविली, त्याच वर्षी का, तीवर एमिलीचे वर्णन कोणत्या शब्दांत केले आणि नदीच्या तळाशी उतरलेल्या मजुरांपैकी किती जणांची नावे आज सांगता येतात, एवढे शोधून काढावयास एक वर्ष लागते.