‘पानी’ला लाल गोल करण्याआधी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून संयोजकांनी मला ‘शाळा आणि तंत्रज्ञान’ यावर बोलायला सांगितलं. त्यावर बोलणारच आहे, पण जरा आडवाटेनं. मुलांनी काय शिकावं हे सगळेच सांगतात. मला आज शिक्षकांनी काय शिकावं याविषयी बोलायचं आहे, आणि तेही ज्यांनी मला शिकवलं त्यांच्या समोर. तेव्हा गुरुजनांची आधीच परवानगी मागते.

आपले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पूर्व-पश्चिम पसरलेले. नारायणगाव, मंचरकडे ऊस, द्राक्षं, कांदा, बटाटा. पश्चिमेला घाटघर, हातवीज, आहुपे अशी घाटमाथ्याची गावं. तिथं भात, नाचणी, वरई आणि हिरडा. या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची वस्ती आहे. तिथलं मूल घरची बोली घेऊन शाळेत येतं आणि समोर पुस्तक असतं प्रमाण मराठीत. आपण म्हणतो, ‘दोन्ही मराठीच की!’ अडचण नेमकी तिथेच आहे.

सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याला माहीत आहेत. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचं नाव गाजलं. माझ्या क्षेत्रातले लोक तेवढंच सांगतात. पण पुरस्कार देणाऱ्यांनी त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून गुरुजींनी मेहनतीनं ती भाषा शिकून घेतली आणि मग पुस्तकं त्या भाषेत आणली. म्हणजे कोड नंतर आला, कान आधी तयार झाला.

कन्नड बोलणाऱ्या मुलापुढे शिक्षकाला लगेच कळतं की, ‘मला याचं बोलणं समजत नाही.’ बोली बोलणाऱ्या मुलापुढे मात्र वाटतं, ‘याला मराठी नीट येत नाही.’ पहिल्या ठिकाणी शिकण्याची जबाबदारी शिक्षक स्वतःकडे घेतो, दुसऱ्या ठिकाणी चूक मुलाच्या नावावर पडते.

एक साधं उदाहरण घेऊ. पहिली-दुसरीतल्या मुलानं वहीत ‘पानी’ लिहिलं, ‘व्हतं’ लिहिलं. आपण लाल गोल करतो. पण त्या मुलानं काय केलं ते बघा. त्यानं स्वतःच्या तोंडचा शब्द ऐकला, त्याचे आवाज सुटे केले आणि प्रत्येक आवाजाला बरोबर अक्षर दिलं. लिहायला येणं म्हणतात ते हेच. घरी ‘न’ ऐकून त्यानं ‘न’ लिहिला. फळ्यावरचं ‘पाणी’ बघून जसंच्या तसं उतरवणाऱ्या मुलापेक्षा कदाचित याला लिपी जास्त समजली आहे. दुसऱ्या एखाद्या मुलानं ‘पानी’ऐवजी ‘पाकी’ लिहिलं, तर त्याला वेगळी मदत लागेल. दोन्ही वह्यांत लाल गोल सारखाच दिसतो. त्यातला फरक ओळखायला बोली कानावरून गेलेली असावी लागते.

आमच्या कामातही असंच घडतं. बोललेलं टाइप करणारी यंत्रणा ज्या आवाजांवर तयार होते, ते आवाज तिला नीट कळतात. जी बोली तिनं फारशी ऐकलेली नसते, तिथे ती जवळचा दुसराच शब्द दडपून देते. अशा वेळी इंजिनिअर बोलणाऱ्याला ‘नीट बोला’ म्हणत नाही. यंत्रणेला आणखी ऐकवावं लागतं.

गणिताचंही तेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’सोबत ‘पन्नास तीन’ आलं आणि केवढा गदारोळ झाला! डॉ. मंगला नारळीकरांनी तेव्हा शांतपणे समजावून सांगितलं की, जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे संख्याशब्द लहान मुलांना अवघड जातात. आपल्याकडे जुनी माणसं ईसांनी मोजायची. त्रेपन्न म्हणजे दोन ईसा तेरा. फ्रेंच लोक आजही ऐंशीला ‘चार विसा’ अशाच अर्थाचा शब्द वापरतात आणि त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही. ज्या घरात आजी अशी मोजते, तिथलं मूल विसाचे गट करणं शाळेत येण्याआधीच शिकलेलं असतं. धान्य पायलीनं मोजणाऱ्या घरात अर्धं म्हणजे काय हे अधोली शिकवते. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे, त्याला वर्गात शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

हे आपल्याकडे कोणी केलंच नाही असं नाही. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, मराठी शिकल्या, फलटणमध्ये लोक कसे वेगवेगळं बोलतात यावर त्यांनी पीएचडी केली आणि पुढे तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. बाहेरून आलेल्या बाईंनी आधी गावाचं बोलणं ऐकलं, मग शाळा काढली. आणि डॉ. गोविंद गारे तर आपल्याच मातीतले. त्यांनी महादेव कोळी समाजाचा अभ्यास करून पुस्तकं लिहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही म्हटलं आहे की, शक्य तितकं शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं. कायदा आहे, पुस्तकं आहेत. वर्गात ते उतरवायचं काम मात्र शिक्षकाच्या कानावर अवलंबून आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पुरावा म्हणून आपल्या नाणेघाटातल्या शिलालेखाचं नाव सगळीकडे झळकलं. तो लेख प्राकृतात आहे, म्हणजे बोलीच्या जवळच्या भाषेत. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण त्याच घाटाच्या परिसरातलं मूल बोलीत उत्तर देतं आणि वर्ग हसतो, तेव्हा तो अभिमान कुठे जातो?

आता दोन शंका कोणीतरी विचारणारच. पहिली, मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का? शिकवायची, आणि पक्की शिकवायची. परीक्षा, बँकेचा अर्ज, सातबारा, कोर्टाचा कागद सगळं त्याच भाषेत आहे. ‘हे चूक, ते बरोबर’ याऐवजी ‘घरी असं, पुस्तकात असं’ एवढंच म्हणायचं. मूल दोन्ही सांभाळतं.

दुसरी शंका शिक्षकांची, आणि ती रास्त आहे. सर्वेक्षणं, निवडणुका, ऑनलाइन माहिती यातून वेळ कुठला? आणि बोली कळायला लागेपर्यंत बदली होते. याचं उत्तर आमच्या क्षेत्रात जुनं आहे: माणूस गेला तरी माहिती राहिली पाहिजे. शाळेत एक बोलीची वही ठेवावी. रोज दहा मिनिटं शिक्षकानं मुलांना विचारायचं, ‘याला तुमच्या घरी काय म्हणतात?’ आणि लिहून ठेवायचं. झाडं, भांडी, नाती, दुखणी, मोजमाप. बदली झाली की वही पुढच्या शिक्षकाच्या हाती. त्या दहा मिनिटांत वर्गात आणखीही काही घडतं. शिक्षक विचारतो आणि मूल शिकवतं. एरवी गप्प बसणारं पोर त्या दिवशी गुरुजींचा उच्चार सुधारतं, आणि परकी भाषा शिकताना जीभ कशी अडखळते हे गुरुजींनाही कळतं.

आपण सर्वांनी मिळून शाळेला डिजिटल फळा द्यायचं ठरवलं आहे. जरूर देऊ, जोडणी करायला मी स्वतः येईन. पण त्या देणगीत एक भर घाला. आपल्या वर्गात पश्चिम भागातून येणारे कितीतरी जण होते. आज ते इथे बसले आहेत, कोणी शिक्षक आहेत, कोणी शेती करतात, कोणी नोकरी. शाळेत आपण त्यांना आपल्यासारखं बोलायला लावलं. आता त्यांच्या घरातल्या आजी-आजोबांचे शब्द, मोजणी, गोष्टी आपण त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करू आणि शाळेत शिक्षकांसाठी ठेवू. हातातल्या मोबाइलवर हे काम होतं, खर्च जवळजवळ नाही.

ज्यांना जमेल त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे गावाचं नाव लिहून द्यावं. वहीचं पहिलं पान आजच भरू.