पालीचा बल्लाळ आणि उगारलेला हात
पालीच्या बल्लाळेश्वराची कथा आठवतेय ना? गावातल्या पोरांना रानात नेऊन देवपूजेच्या नादी लावतो म्हणून कल्याण शेटजींनी पोटच्या बल्लाळाला मारून झाडाला बांधलं. देव धावून आला, म्हणून कथा गोड झाली. मार खात वाढलेल्या प्रत्येकाचं तसं होत नाही. कुणी डोकं खाजवायला हात वर केला, तरी ही मुलं अंग चोरतात, नाहीतर आधी आपलाच हात उगारतात. आपण म्हणतो, उर्मट कार्टं!

असं मूल गुन्ह्यात सापडलं, तर २०१५च्या बाल न्याय कायद्याचे नियम सांगतात: बेडी नको, पोलिसांनी साध्या कपड्यांत यावं. परिविक्षा अधिकारी चौकशी करतात. घरात मारहाण होते का? शाळा कधी सुटली? या चौकशीचा अहवाल बाल न्याय मंडळापुढे जातो. तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांशेजारी दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांत निदान एक बाई.