राजीनामा त्यांना हवा आहे, म्हणूनच थांबा

मी चंदीगडमध्ये कामगार कायद्याची वकिली करतो. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरती झाली की कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "वकीलसाहेब, ऑफिसात फार त्रास चाललाय. राजीनामा देऊन टाकू का?"

त्रासाची पद्धत बहुतेक ठरलेली असते. आधी मीटिंगला बोलावणं बंद होतं. मग हातातलं काम काढून दुसऱ्याला दिलं जातं. गाठताच येणार नाही असं टार्गेट येतं. कधी अचानक हजार मैलांवर बदली होते. आणि शेवटी एचआर गोड आवाजात सांगतो, "तुम्हीच राजीनामा द्या. रेकॉर्ड स्वच्छ राहील."

आता शांतपणे विचार करा. काढायचंच आहे, तर ते सरळ काढत का नाहीत? कारण काढण्याला खर्च आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा, तर आरोपपत्र आणि चौकशी आली. तुम्ही राजीनाम्यावर सही केली की हे सगळं वाचतं. म्हणजे त्या कागदाची खरी गरज तुम्हाला नाही, त्यांना आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला: त्या खोलीत, त्या दिवशी, कशावरही सही करू नका. "मला विचार करायला वेळ हवा" एवढंच म्हणा. घरी आल्यावर त्याच दिवशी एक साधा ईमेल पाठवा: आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी तशी इच्छा नाही, मी कामावर येत राहीन. भांडणाची भाषा नको. नंतर "जबरदस्तीने सही घेतली" हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि तेव्हा हा ईमेल कामी येतो. पुढच्या तारखेपासूनचा राजीनामा दिला गेला असेल, तर ती तारीख उजाडण्याआधी तो साधारणपणे मागे घेता येतो. तेही लेखीच करा.

कामावर जाणं मात्र थांबवू नका. रागाने घरी बसलात, तर "स्वतःच नोकरी सोडून गेला" म्हणायला त्यांना आयती संधी मिळते. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, जुन्या कौतुकाच्या ईमेलची नोंद घरी ठेवा. कंपनीची गोपनीय माहिती मात्र उचलू नका, नाहीतर तोच आरोप तुमच्यावर उलटेल.

लढून काय मिळतं, असं लोक विचारतात. उदाहरण आपल्याच, तेव्हाच्या औरंगाबादचं आहे. तिथल्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेने, तिच्या म्हणण्यानुसार, व्यवस्थापनाने मागितलेले पैसे द्यायला नकार दिला. मग मेमो सुरू झाले, २००६ मध्ये निलंबन झालं आणि २००७ मध्ये नोकरी गेली. २००९ मध्ये शाळा न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द करून मागचा सगळा पगार द्यायला सांगितला. उच्च न्यायालयाने पगाराचा भाग काढून टाकला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १२ ऑगस्ट २०१३ रोजी पूर्ण पगाराचा आदेश पुन्हा कायम झाला. न्यायालयाने सांगितलं की बेकायदा काढलेल्या माणसाने "मी या काळात बेकार होतो" असं म्हटलं, तर तो कमावत होता हे मालकाने सिद्ध करायचं. दीपाली गुंडू सुरवसे खटला म्हणून तो आज देशभरच्या कामगार न्यायालयांत दाखवला जातो. पण त्यात सात वर्षं गेली, हेही मी लपवणार नाही.

आता चंदीगडची एक खास अडचण. इथे शहर एकसारखं वाटतं, पण चंदीगड केंद्रशासित, मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात. तुम्ही पंचकुल्यात राहता, ऑफिस मोहालीत आणि मुख्य कार्यालय पुण्यात, असं असेल तर जायचं कुठे? सर्वसाधारणपणे, जिथे काम करत होता तिथल्या कामगार खात्याकडे. तिथल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत त्यासाठी नोकरी गेल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कार्डावर 'मॅनेजर' लिहिलंय म्हणून आधीच हार मानू नका. पद नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहिलं जातं.

प्रत्येकाने लढलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. घरचे हप्ते असतात, तब्येत असते. सोडायचं ठरलं तर जरूर सोडा, पण बोलणी करून: किती महिन्यांचा पगार, अनुभवपत्रात काय लिहिणार, रजेचे पैसे, आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी. पाच वर्षांना दोन महिने कमी असतील तर ते दोन महिने मागून घ्या. सगळं कागदावर आलं की मग सही.

नोकरी जाऊ शकते. ती कशी गेली, हे कागदावर कोण लिहितं, एवढं मात्र आपल्या हातात ठेवा.