ऐच्छिक विषय : अर्थशास्त्र

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून सरकारी नौकरीत लागलेला माणूस. पण 2016-17 पासून तेलंगणातल्या पदवी महाविद्यालयांत श्रेयांक पद्धत आली आणि विज्ञान शाखेची मुलंही बाहेरचा एखादा विषय ऐच्छिक म्हणून घेऊ लागली. आपल्या सुलतान बाजारातल्या घरांतल्या पाच मुलामुलींनी प्राथमिक अर्थशास्त्र घेतलं. त्यांच्याशी बोलून जे कळलं, ते सांगायला आम्ही उभे आहोत.

विषय का घेतला, असं विचारलं. चौघांनी सांगितलं, "सोपा आहे असं ऐकलं होतं." पाचवी आमची कन्या. तिला तासाची वेळ सोयीची होती, एवढंच.

सोपा निघाला नाही. विज्ञानाच्या मुलाची पहिली तक्रार आलेखाची. गणितात ज्याच्यावर बाकीचं अवलंबून, ते आडव्या अक्षावर. इथे मात्र किंमत उभ्या अक्षावर. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली ही रीत, ती आजही चालू आहे. हे कुणी सांगेपर्यंत तो प्रत्येक आलेख उलटा वाचत होता.

दुसऱ्याने चाचणीत लिहिलं, 'किंमत वाढली की मागणी घटते हा नियम खोटा आहे. गणपतीत हार महागतात आणि विकतातही जास्त.' गुण गेले. नंतर त्याला उलगडा झाला. सणामुळे जुन्याच भावाला लोकांना जास्त हार हवे असतात. म्हणजे मागणीची अख्खी रेषाच उजवीकडे सरकते, आणि म्हणून भाव चढतो. नियमात 'इतर परिस्थिती कायम असताना' हे शब्द आहेत, ते त्याने वगळले होते. पुस्तक इंग्रजीत, बाजारात हिंदी-तेलुगू, घरात मराठी. तिन्हींचा मेळ बसला तो हाराच्या बंडीपाशी.

एका घरी पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी नातवाचं परकीय चलनाचं प्रकरण सोपं केलं. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार. हा हिशेब त्यांनी लहानपणी दुकानात बसून केलेला. 1933 पर्यंत आपला हा बाजार रेसिडेन्सीच्या हद्दीत होता, निजामाच्या अमलाबाहेर. सावकार इथे का आले, हे तेव्हा त्या मुलाच्या ध्यानात आलं. पैसा आपल्याला सोयीचा कायदा जिथे असेल तिथे जातो.

आता आमच्या घरचं सांगतो. कन्येला गृहपाठ होता : घरातल्या एका निर्णयाचा संधी खर्च लिहा. म्हणजे एक वाट धरली म्हणून सुटलेल्या दुसऱ्या चांगल्या वाटेची किंमत. आम्ही नेहमीच्या ऐटीत म्हणालो, "आमचंच लिही. डिप्लोमा केला, विशीत नौकरी, खर्च काही नाही."

ती म्हणाली, "बाबा, फीचं नाही विचारत. तुम्ही सोडलं काय?"

आम्ही गप्प झालो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जागा मिळत होती. वडील निवृत्त झाले होते, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. आम्ही गेलो नाही. ही गोष्ट लग्नानंतरही घरात कधी काढली नव्हती. त्या रात्री सांगितली. पस्तावा नाही, पण खर्च नव्हता, हे म्हणणं खरं नव्हतं.

आठवड्याने तिने स्वतःचा निर्णय पुढे ठेवला. तिला अर्थशास्त्रात एम.ए. करायचं आहे. आम्ही तिला सरकारी भरतीच्या कोचिंगला घातलं होतं. आम्ही म्हणालो, "एवढी फी भरली त्याचं काय?" ती म्हणाली, "बाबा, ती आता परत मिळणार नाही. एम.ए. केलं तरी नाही, नाही केलं तरी नाही. मग ती हिशेबात कशाला धरायची?" पुस्तकात याला बुडीत खर्च म्हणतात. आम्हाला उत्तर सुचलं नाही.

आम्ही अजून पूर्ण होकार दिलेला नाही. बापाच्या मनाला पगाराच्या नौकरीची ओढ असतेच. पण फीचं नाव काढणं बंद केलं आहे. तिला काय हवं आणि त्यासाठी ती काय सोडते आहे, एवढंच आता आम्ही दोघं बोलतो.

पालकांना विनंती एवढीच, की ऐच्छिक विषय गुणांची बेगमी म्हणून मुलांवर लादू नका. आणि मुलांनो, वर्गात शिकलेलं आठवड्यातून एकदा तरी आजी-आजोबांना मराठीत सांगून बघा. त्यांना पटलं नाही, तर समजा आपल्यालाही अजून कळलेलं नाही.

गणपती बाप्पा मोरया!