बँकेचा नफा आणि आपली ठेव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत नोकरी केली म्हणून आयोजकांनी हा विषय माझ्याकडे सोपवला. आपल्यापैकी बहुतेक जण आता निवृत्त आहेत. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे कुठे ठेवले, कोण किती व्याज देते, ही चर्चा सकाळपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत मी ऐकतो आहे. म्हणून तेवढ्यापुरतेच बोलतो.

शाळेत सरळव्याजाचे सूत्र आपण पाठ केले : मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. त्या सूत्रात मुद्दल परत येणार हे गृहीतच धरलेले होते. व्यवहारात तसे गृहीत धरता येत नाही, आणि बँकेचे सगळे गणित तिथेच आहे.

हिशेब सोपा करण्यासाठी समजा, बँकेने तुमचे 100 रुपये 7 टक्क्यांनी घेतले आणि ती 10 टक्क्यांनी कर्ज देते. वरवर पाहता 3 रुपये सुटतात. पण त्या शंभरातले, समजा, 4 रुपये रिझर्व्ह बँकेकडे राखीव ठेवावे लागतात. त्यावर व्याज नाही. 18 रुपये सरकारी रोख्यांत जातात. तिथे 7 टक्क्यांनी 1 रुपया 26 पैसे मिळतात. उरलेल्या 78 रुपयांचे कर्ज दिले, त्यावर 7 रुपये 80 पैसे. एकूण 9 रुपये 6 पैसे आले, त्यातून तुमचे 7 रुपये दिले. उरले 2 रुपये 6 पैसे. यालाच बँकेच्या भाषेत निव्वळ व्याज मार्जिन म्हणतात. त्यातून पगार, जागेचे भाडे, संगणक असा दीड रुपया खर्च वजा करा. शिल्लक 56 पैसे. आता 78 रुपयांच्या कर्जातला फक्त एक रुपया बुडाला, तर जवळजवळ दोन वर्षांचा नफा गेला.

हे मार्जिन स्थिरही राहत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.50 टक्क्यांवर गेला. त्या दराशी जोडलेल्या गृहकर्जांचे हप्ते लगेच वाढले, पण मुदत ठेवी मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालू राहिल्या. बँकांचे मार्जिन फुगले. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर 6.50 वरून 5.50 वर आला, तेव्हा उलटे झाले. कर्जे आधी स्वस्त झाली, ठेवींवरचे व्याज मात्र चढेच द्यावे लागत होते. ज्या बँकेकडे बचत आणि चालू खात्यांतला स्वस्त पैसा भरपूर असतो, ती अशा वेळी तग धरते.

मुदतीचा हा मेळ चुकला की काय होते, ते अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने दाखवले. व्याजदर अगदी खाली असताना तिने ठेवीदारांचा पैसा दीर्घ मुदतीच्या रोख्यांत घातला. ठेवी मात्र कधीही काढता येण्याजोग्या होत्या. मार्च 2022 नंतर दर झपाट्याने चढले आणि त्या रोख्यांची किंमत घसरली. 8 मार्च 2023 रोजी बँकेने रोखे विकून सुमारे 1.8 अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी ठेवीदारांनी 42 अब्ज डॉलर काढायला सुरुवात केली आणि 10 मार्चला बँक बंद झाली. तिचे रोखे बुडीत नव्हते. अमेरिकी सरकारचे आणि सरकारी पाठबळाचे होते.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी घडले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची 70 टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम उद्योगसमूहात अडकली होती, आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली होती. ताळेबंदात व्याज दिसत होते, पण हातात येत नव्हते. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांसाठी फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षांची वाट पाहणे आले.

म्हणून माझे सांगणे एवढेच. इतर बँका 7 टक्के देत असताना कोणी 9 टक्के देऊ करत असेल, तर विचारा, हा पैसा तो कोणाला आणि किती टक्क्यांनी देणार आहे? आपल्याला जास्त देऊनही मार्जिन राखायचे, तर त्याला महाग कर्ज द्यावे लागते. आणि महाग कर्ज बहुधा तोच घेतो ज्याला दुसरीकडे मिळत नाही. आपले वरचे दोन टक्के त्या जोखमीचा मोबदला असतात.

फेब्रुवारी 2020 पासून ठेव विमा 1 लाखावरून 5 लाखांपर्यंत वाढला आहे. पण तो मुद्दल आणि व्याज मिळून आहे, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखा धरून आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवी ठेवल्या म्हणून विमा तिप्पट होत नाही. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्या नावापुढे कितीही मोठे दैवत असले, तरी तिथल्या ठेवींना हे विमा संरक्षण नाही.

सगळ्या पतसंस्था वाईट आहेत असे मी म्हणत नाही. अनेकांनी आपल्या गावाला उभे केले आहे. पण जे पैसे गेले तर या वयात पुन्हा मिळवता येणार नाहीत, ते चार ठिकाणी विभागा, आणि घरात कोणाला तरी त्याची यादी सांगून ठेवा. पुढच्या मेळाव्याला आपण सगळे निश्चिंत मनाने भेटावे, एवढीच इच्छा.